विंडोजवरून लिनक्सवर: इंदूरच्या घरगुती कॉम्प्युटरसाठी एक सविस्तर वाट

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचंही मशीन बंद पडलं नाही, म्हणूनच बहुतेकांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या, आणि ज्या कॉम्प्युटरवरून आपण बँकेचं खातं उघडतो त्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ नाही. घरगुती वापरणाऱ्यांना १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव मुदत आहे: मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर भरून. पुढचा सरळ रस्ता विंडोज ११चा. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. रामबाग, राजेंद्रनगर, लोकमान्यनगर अशा भागांतल्या कितीतरी घरांत मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी २०१६-१७च्या सुमारास घेतलेला लॅपटॉप आहे. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला गेला, लॅपटॉप आईबाबांकडे राहिला. तो बहुधा सहाव्या-सातव्या पिढीचा. मशीन धडधाकट, पण विंडोज ११ त्याला दारातूनच परत पाठवतं.

दुकानात विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. "अंकल, नया ले लो," नाहीतर "इलेवन डाल देंगे, चल जाएगा." दुसऱ्या उत्तराचा अर्थ तपासणी चुकवून ११ बसवणं. ते चालतं, पण असं मशीन मायक्रोसॉफ्टच्या लेखी आधाराबाहेरचं. पुढची अपडेट मिळतीलच याची हमी नाही. तिसरं उत्तर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी दुसरी, फुकट यंत्रणा. ते दुकानदार सहसा देत नाही, कारण त्यात त्याला विकायला काही नसतं आणि नंतरचे फोन मात्र त्यालाच येतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. साधं घरगुती काम करणारा माणूस लिनक्सवर जाऊ शकतो, आरामात. पण बहुतेक लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात: शनिवारी रात्री विंडोज पुसतात आणि सोमवारी सकाळी प्रिंटर चालत नाही म्हणून रडकुंडीला येतात. आधी कामं हलवायची, मग प्रोग्राम, आणि यंत्रणा सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी: कागदावर यादी

आठवडाभर कॉम्प्युटरजवळ एक वही ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाने त्यावर काय केलं ते लिहा. "इंटरनेट" असं मोघम नको. "वीजबिल भरलं", "आयआरसीटीसीवर तिकीट काढलं", "मंडळाचा जमाखर्च लिहिला", "आधारची प्रत छापली", असं.

मग यादीतल्या प्रत्येक कामासमोर एकच खूण करा. जे क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये होतं ते लिनक्सवर जसंच्या तसं होतं: बँक, रेल्वे, वीजबिल, निगमचा संपत्तिकर, डिजिलॉकर, जीमेल, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, मीट. प्राप्तिकराचं विवरणपत्रही पोर्टलवर ऑनलाइन भरत असाल तर फरक पडत नाही. ते एक्सेलच्या युटिलिटीत भरत असाल तर पडतो, कारण तिच्यातले मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचना, लिनक्सवरच्या ऑफिसमध्ये चालत नाहीत. टीम्सचं वेगळं लिनक्स ॲप मायक्रोसॉफ्टने २०२२च्या अखेरीला बंद केलं, आता ते ब्राउझरमधूनच वापरायचं. झूमचं मात्र लिनक्सचं ॲप आहे. बहुतेक घरांच्या यादीतला मोठा भाग याच खुणेत संपतो, आणि हे पाहून लोकांना स्वतःलाच आश्चर्य वाटतं.

आता अडणारी कामं. इथे मी कुणालाही गोड बोलून फसवणार नाही. टॅली लिनक्ससाठी बनत नाही. कोरल ड्रॉ, फोटोशॉप, पेजमेकर नाहीत; पत्रिका आणि फ्लेक्सवाल्यांनी जागचं हलू नये. डाँगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या किल्लीवर, चालणारं श्रीलिपी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. घरी एमपी ऑनलाइनचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या सरकारी सेवांचं, किऑस्क असेल आणि बोटांचे ठसे घेणारं यंत्र जोडलेलं असेल तर विंडोज ठेवा. जीएसटी किंवा कंपनीच्या कामासाठी डिजिटल सहीचं टोकन रोज लागत असेल तरीही ठेवा. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण पोर्टलच्या सहीच्या प्रोग्रामशी त्यांचं जुळवता जुळवता शेवटची तारीख निघून जाते. सेफ एक्झाम ब्राउझरवर परीक्षा देणारा विद्यार्थी, सीपीसीटी या मध्य प्रदेशातल्या कॉम्प्युटर-परीक्षेच्या टायपिंगची तयारी करणारी मुलगी, यांनी परीक्षा होईपर्यंत काहीही बदलू नये. आणि नातू व्हॅलोरंट खेळत असेल तर वादच नको, तो खेळ लिनक्सवर चालत नाही.

या दुसऱ्या यादीत तुमच्या पोटापाण्याचं एक जरी काम असेल तरी त्या मशीनला हात लावू नका. वाइन नावाचा प्रोग्राम काही विंडोज सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवतो हे खरं, पण रोजचा धंदा त्याच्या भरवशावर टाकायचा नसतो. काम वर्षातून एकदाच येणारं असेल, जसं की निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला, तर त्याला पर्याय असतो: जीवन प्रमाणचं चेहरा ओळखून होणारं काम अँड्रॉइड फोनवरच होतं, कॉम्प्युटर लागतच नाही.

दुसरी पायरी: प्रोग्राम आधी, विंडोजवरच

लिनक्सवर जे प्रोग्राम वापरावे लागतील ते जवळजवळ सगळे विंडोजवरही फुकट मिळतात. तर महिनाभर तिथेच वापरा. वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस, आउटलुकच्या जागी थंडरबर्ड, व्हिडिओला व्हीएलसी. खाली ओळखीचं विंडोज असताना नव्या प्रोग्रामशी भांडणं सोपं जातं. दोन्ही एकदम बदललं की काही बिघडल्यावर दोष कुणाचा तेच कळत नाही.

लिब्रेऑफिसमध्ये साधा जमाखर्च, अर्ज, पत्रं सहज होतात. गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी, बेरजा, गाळण्या, सगळं चालतं. अडचण येते ती फॉन्टमुळे. वर्डमध्ये कॅलिब्री किंवा मंगल फॉन्टात केलेली फाइल लिनक्सवर उघडली की ते फॉन्ट नसल्याने दुसरे बसतात. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलाडिया हे मापाने तंतोतंत जुळणारे फॉन्ट आहेत, त्यामुळे इंग्रजी मजकूर फारसा हलत नाही. देवनागरीला मात्र अशी जुळी जोडी नाही. मंगलच्या जागी लोहित किंवा नोटो आला की ओळी वरखाली होतात आणि एका पानाचा अर्ज दोन पानांवर जातो. उपाय साधा आहे: बाहेर पाठवायची प्रत्येक गोष्ट पीडीएफ करून पाठवा. दुसऱ्याने त्यात भर घालायची असेल तर वर्डचंच स्वरूप ठेवा, किंवा ऑफिसची ब्राउझरमधली फुकट आवृत्ती वापरा. ती लिनक्सवरही चालते.

महिनाभरात लिब्रेऑफिस अजिबात जमलं नाही, तर इथेच थांबा. तुमचं काहीही गेलेलं नाही.

तिसरी पायरी: कोणतं लिनक्स

लिनक्स वेगवेगळ्या नावांनी आणि रूपांत मिळतं, आणि त्यातलं कोणतं घ्यावं यावर लोक रात्र-रात्र वाद घालतात. त्यात पडू नका. लिनक्स मिंट घ्या, सिनॅमन आवृत्ती. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेल्या माणसाला काहीही नवीन शिकावं लागत नाही. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. मिंटची २२ची मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर उभी आहे आणि तिला २०२९पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. झोरिन नावाचं लिनक्सही चांगलं आहे, दिसायला जास्त नीटस. मशीन जुन्या ३२-बिट प्रोसेसरचं असेल तर मात्र या दोन्हींचा नाद सोडा.

हे सगळं फार हौशी लोकांचं प्रकरण आहे असं वाटत असेल तर एवढं लक्षात घ्या: केरळच्या सरकारी शाळांत मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकत आहेत, सीडॅक या सरकारी संगणक-संस्थेने बॉस नावाचं भारतीय लिनक्स काढलं, संरक्षण मंत्रालयाने २०२३मध्ये उबुंटूवर बेतलेली माया ही यंत्रणा आणली. आणि तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे.

चौथी पायरी: बॅकअप, आणि डी ड्राइव्हचा गैरसमज

आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करून देतो आणि सांगतो, "विंडोज खराब हो जाए तो भी डी में सब सेफ रहेगा." विंडोज पुन्हा टाकताना ते खरं असतं. लिनक्स बसवताना "सगळी डिस्क पुसा" हा पर्याय निवडला तर सीबरोबर डीही जातं, कारण दोन्ही एकाच डिस्कवर आहेत. मुंजीचे फोटो, आजोबांच्या आवाजातल्या फिती, घराचे कागद, सगळं तिथेच असतं. म्हणून बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि तो उघडून पाहायचा. फाइलींची नावं दिसली म्हणजे फाइल आली असं नाही. चार-सहा फोटो आणि एखादा व्हिडिओ दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवून बघा.

वनड्राइव्हचाही एक सापळा आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधल्या ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह असतं त्या तुमच्या मशीनवर नसतात, मायक्रोसॉफ्टकडे असतात. फोल्डरवर उजवी कळ दाबून "कायम या डिव्हाइसवर ठेवा" असा पर्याय निवडा, सगळं उतरू द्या, मग कॉपी करा. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क विसरू नका. गुगल खात्याने क्रोम सिंक केलेलं असेल तर ते आपोआप येतील.

डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का तेही पाहा. असेल तर त्याची पुनर्प्राप्ती-किल्ली, म्हणजे ४८ आकडे, मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवा. बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की विंडोज ती मागतं, आणि नसेल तर माहिती गेलीच समजा. जाता जाता कंट्रोल पॅनेलच्या पॉवर पर्यायांतून फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असला की विंडोज पुरतं बंद होतच नाही, आणि लिनक्सला त्या डिस्कवर लिहिता येत नाही.

आता या लेखातला माझ्या मते सगळ्यात कामाचा सल्ला. त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपांत अजून फिरती हार्डडिस्क आहे, आणि मशीन हळू वाटण्याचं मोठं कारण विंडोज नसून ती असते. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये किंवा तुमच्या नेहमीच्या दुकानात जाऊन २५६ जीबीची साटा एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवून घ्या आणि काढलेली जुनी डिस्क यूएसबी केसिंगमध्ये टाकून घरी आणा. एसएसडी कोरी असेल, तिच्यावर निर्धास्तपणे लिनक्स बसवा. विंडोज, सी, डी, सगळं जुन्या डिस्कवर जसंच्या तसं राहतं आणि पेनड्राइव्हसारखं जोडून वाचताही येतं. नाही जमलं तर ती डिस्क परत आत घातली की जुनं विंडोज होतं तिथून सुरू. पुसण्याची भीती नाही, एका डिस्कवर दोन यंत्रणा नांदवायची कटकट नाही. दुकानदार "विंडोज भी डाल दूँ?" असं विचारेल, नको म्हणा, फुकटात पडलेलं ते विंडोज बहुधा कुठल्यातरी ॲक्टिव्हेटरवर, म्हणजे परवाना चुकवणाऱ्या प्रोग्रामवर, चालणारं असतं. आणि केसिंगमधली जुनी डिस्क हाच एकमेव बॅकअप समजू नका. म्हातारी डिस्क कधीही मान टाकते.

पाचवी पायरी: पेनड्राइव्ह आणि तालीम

८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागेल. मिंटची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलीत बांधलेली सगळी यंत्रणा, साधारण ३ जीबीची असते. ती मिंटच्या अधिकृत साइटवरूनच घ्या आणि फाइल अस्सल आहे हे पडताळायला सोबत दिलेला तपासणी-आकडा जुळवून पाहा. हा शिष्टाचार म्हणून सांगत नाही: फेब्रुवारी २०१६मध्ये मिंटची साइट फोडून काहींनी तिथे चोरदरवाजा असलेली आयएसओ ठेवली होती. आकडा कसा जुळवायचा ते डाउनलोडच्या पानावरच लिहिलेलं आहे. मग विंडोजवर रूफस नावाचा छोटा प्रोग्राम उघडून ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवा. नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.

आता मशीन पेनड्राइव्हवरून सुरू करायचं. चालू करताच डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसवर एस्केप दाबत राहा. एसरवरही एफ१२च, पण बऱ्याचदा ती कळ आधी बायॉसमध्ये जाऊन चालू करावी लागते. यादीत पेनड्राइव्ह निवडला की थोड्या वेळात मिंटचा डेस्कटॉप येतो. इथे अजून काहीही बसलेलं नाही, तुमच्या डिस्कला धक्का लागलेला नाही. ही तालीम आहे आणि ती घाईत उरकू नका.

वायफाय लागतं का? आवाज येतो का, हेडफोनमध्येही? कॅमेरा, ब्लूटूथ, स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या कळा? झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का? हे सगळं आत्ताच बघा. जुन्या लॅपटॉपांतली ब्रॉडकॉमची आणि काही रिअलटेकची वायफाय-कार्डं पहिल्या फटक्यात ओळखली जात नाहीत. तेव्हा फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा; लगेच इंटरनेट येतं, आणि त्याच्यावर वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो. ही युक्ती माहीत नसल्यामुळे कितीतरी लोकांनी पहिल्याच तासात लिनक्स सोडलेलं आहे.

प्रिंटरची तालीम वेगळी आणि जास्त महत्त्वाची. नवे वायफाय प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात. एचपीची प्रकरणं एचपीलिप या एचपीच्याच लिनक्स-ड्रायव्हरने सुटतात, मात्र लेझरजेट १०२० आणि एम१००५सारख्या जुन्या यंत्रांना त्यात एक जादा प्लगइन उतरवावं लागतं. एप्सनच्या टाकीवाल्या एल मालिकेचे आणि ब्रदरचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात. खरी डोकेदुखी आहे कॅननचा एलबीपी २९००. आपल्याकडे वकिलापासून वाण्यापर्यंत सगळ्यांच्या टेबलावर तो छोटा लेझर असतो, आणि त्याचा कॅप्ट जातीचा ड्रायव्हर लिनक्सवर बसवणं हे नवख्याचं काम नाही. तुमच्याकडे तो असेल तर आधी तो कुणाकडून चालवून घ्या, मगच पुढे चला. नाहीतर पीडीएफ फोनवर पाठवून कोपऱ्यावरच्या दुकानातून छापायची तयारी ठेवा.

सहावी पायरी: बसवणं

खरं तर हा सगळ्यात सोपा भाग आहे. चार्जर जोडून ठेवा. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही आणि जुन्या बॅटरीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. डेस्कटॉपवरचं "इन्स्टॉल लिनक्स मिंट" उघडा. भाषा इंग्रजीच ठेवा, म्हणजे पुढे अडलं तर उत्तर शोधायला सोपं जातं. कीबोर्ड इंग्लिश यूएस. मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत खूण करा, नाहीतर व्हिडिओ अडतील. वेळेच्या नकाशावर कोलकाता.

मधला एकच पडदा जपून वाचायचा, डिस्कचा. कोरी एसएसडी असेल तर "इरेज डिस्क". एकाच डिस्कवर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स हवं असेल तर आधी विंडोजमध्येच डिस्क मॅनेजमेंटमधून निदान ५० जीबी जागा मोकळी करून घ्या आणि इथे "अलाँगसाइड" निवडा. "समथिंग एल्स" हा पर्याय जाणकार सोबत असल्याशिवाय नको. डिस्क यादीत दिसतच नसेल तर घाबरू नका: काही इंटेल मशीनांत बायॉसमध्ये डिस्क आरएसटी किंवा व्हीएमडी पद्धतीवर असते, ती एएचसीआय करावी लागते. पण त्याच डिस्कवर विंडोज ठेवायचं असेल तर हा बदल थेट करू नका, विंडोज उठायला नकार देईल.

नाव आणि पासवर्ड द्या, आणि पासवर्ड वहीत लिहा. नवा प्रोग्राम टाकताना तो प्रत्येक वेळी मागितला जातो. बाबांनी पासवर्ड विसरायचा आणि मुलाने बंगळुरूहून फोनवर सोडवायचा, हा प्रसंग टाळता येण्यासारखा आहे.

दोन यंत्रणा ठेवणाऱ्यांसाठी एक गंमत. लिनक्समधून विंडोजमध्ये गेलात की घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. मशीन बिघडलेलं नाही. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. विंडोजच्या वेळेच्या सेटिंगमध्ये "सिंक नाऊ" दाबलं की तात्पुरतं जुळतं. कायमचं हवं तर लिनक्सला आतलं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगावं लागतं, ते एका ओळीचं काम आहे.

सातवी पायरी: पहिल्या संध्याकाळची कामं

अपडेट मॅनेजर उघडून सगळं ताजं करा. मग ड्रायव्हर मॅनेजर. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड किंवा हट्टी वायफाय असेल तर ते इथेच सुटतं. टाइमशिफ्ट चालू करा, तो यंत्रणेची छबी काढून ठेवतो आणि एखादं अपडेट बिघडलं तर कालच्या स्थितीत परत नेतो. तुमच्या फोटोंचा बॅकअप मात्र तो घेत नाही. फायरवॉल बंद असते, तिचं बटण चालू करा. अँटिव्हायरस घरगुती वापराला लागत नाही.

प्रोग्राम शोधायची सवय इथे बदलते. कुठल्याही साइटवरून सेटअप उतरवून दोनदा टिचकी मारायची नाही. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये नाव टाकायचं आणि इन्स्टॉल दाबायचं, फोनच्या प्ले स्टोअरसारखं. क्रोम आणि झूम हे अपवाद, त्यांच्या साइटवरून उबुंटूसाठीची डेब फाइल घ्यावी लागते. व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप नाही, पण मिंटमधल्या "वेब ॲप्स"ने व्हॉट्सॲप वेबचा वेगळा आयकॉन करता येतो. आईबाबांसाठी डेस्कटॉपवर चारच आयकॉन ठेवा: क्रोम, व्हॉट्सॲप, फोटो, लिब्रेऑफिस. त्यांना लिनक्स वापरतोय हे कळायचीही गरज नाही.

मराठी टायपिंग

हा विषय इंदुरात जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण इथला माणूस सकाळी कार्यालयात हिंदी लिहितो आणि रात्री मंडळाच्या अहवालासाठी मराठी, आणि दोन्हीकडे कृतिदेव या युनिकोडच्या आधीच्या फॉन्टचं जुनं ओझं आहे.

इनस्क्रिप्ट ही देवनागरीची सरकारी कळमांडणी येत असेल तर काम झालंच. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायला जा, "इंडियन" नावाखाली देवनागरी इनस्क्रिप्ट आहे. ळ येतो ल-च्या कळीवर शिफ्ट धरून. "सुऱ्या", "दऱ्या"मधला र हवा असेल तर र-च्या कळीवर शिफ्ट, मग हलन्त, मग य.

रोमन अक्षरांतून लिहिणाऱ्यांनी आयबस हा टायपिंगच्या पद्धती बदलणारा प्रोग्राम बसवावा. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये, तिथे नाही दिसलं तर सिनॅप्टिक या मिंटमधल्याच दुसऱ्या प्रोग्राम-यादीत, इंग्रजीत आय-बी-यू-एस, आडवी रेघ, एम-वन-सेव्हन-एन असं शोधा. बसवल्यावर इनपुट मेथडमध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या, आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी वाढवा. आयट्रान्स आणि फोनेटिक तिथे मिळतात. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांना ओळखीचं गमभनही. गुगल इनपुटसारखा हा शब्द ओळखून सुचवत नाही, जे दाबाल तेच उमटतं. पहिल्या आठवड्यात चिडचिड होते. ज्यांना सुचवणारंच हवं त्यांनी क्रोममध्ये गुगल डॉक्स वापरावं. तिथे बोलूनही मराठी लिहिता येतं. हिंदीच्या यादीत रेमिंग्टनही आहे, टाइपरायटरवर हात बसलेल्यांसाठी.

कृतिदेवच्या जुन्या फाइली उघडतात का? उघडतात. विंडोजमधली त्या फॉन्टची फाइल आणून दोनदा टिचकी मारून इन्स्टॉल करा, मजकूर दिसेल. लिहितासुद्धा येतं, कारण कृतिदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला देवनागरी वेष. अडतं ते एका ठिकाणी: काही जोडाक्षरं ऑल्ट धरून आकडे दाबून काढायची सवय असते, ती पद्धत लिनक्सवर चालत नाही. माझा सल्ला आहे की कृतिदेव वाचण्यापुरता ठेवा आणि नवं सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, लिहा. जुना मजकूर बदलून देणारी परिवर्तकं ब्राउझरमध्ये चालतात. रफार आणि अर्धी अक्षरं मात्र डोळ्यांनी तपासा, आणि मृत्युपत्र-खरेदीखत असल्या फाइली कुठल्याही अनोळखी साइटवर चढवू नका.

एक बारीक गोष्ट, पण दिवाळी अंकाचं काम करणारे तिच्यावरून हमखास हळहळतात. ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. लिब्रेऑफिसमध्ये मजकूर निवडून त्याची भाषा मराठी करा. लोहित किंवा नोटोसारखा फॉन्ट असेल तर ही अक्षरं आपोआप मराठी वळण घेतात. नाहीतर टीरो देवनागरी मराठी हा फॉन्ट घ्या, तो मराठीसाठीच काढलेला आहे.

अडलं तर कोण, आणि परत जायचं तर कसं

लिनक्सला पैसे पडत नाहीत, पण मदतीची किंमत आहे. गल्लीतला दुरुस्तीवाला लिनक्स पाहिला की पहिलं वाक्य म्हणतो, "इसको फॉर्मेट करना पड़ेगा." त्याच्या हाती मशीन देताना स्पष्ट सांगा की फक्त पंखा साफ करायचा आहे किंवा कीबोर्ड बदलायचा आहे, डिस्कला हात लावायचा नाही. घरात किंवा नात्यात लिनक्स जाणणारा एक जण असणं ही माझ्या मते प्रोसेसरच्या पिढीपेक्षा मोठी अट आहे. दूर असलेल्या मुलाने मदत करायची तर दुरून स्क्रीन हाताळू देणारं रस्टडेस्क किंवा एनीडेस्क आधीच बसवून, एकदा जोडून पाहून ठेवा. आणि अशा ॲपचा नंबर फोनवरच्या "बँकवाल्या"ला द्यायचा नसतो, हेही त्याच दिवशी आईबाबांना सांगा. यंत्रणा कुठलीही असो, तो चोर आत येतो तो याच वाटेने.

दोन-तीन महिन्यांनी जमत नाही असं वाटलं तर परत जाण्यात कमीपणा नाही. जुनी डिस्क जपून ठेवली असेल तर ती आत घालणं एवढंच काम. डिस्क पुसलेली असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज १०ची आयएसओ लिनक्समधूनच थेट उतरवता येते. आयएसओवरून थेट मशीन सुरू करून देणारा व्हेंटॉय हा प्रोग्राम पेनड्राइव्हवर बसवला, तर त्यावर ती नुसती कॉपी केली तरी चालते. मशीनबरोबर आलेलं अस्सल विंडोज असेल तर त्याचा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो. बसवताना किल्ली विचारली तर "माझ्याकडे किल्ली नाही" निवडा, आवृत्ती पूर्वीचीच घ्या, होम असेल तर होम. इंटरनेट लागलं की ते आपलं आपण सक्रिय होतं. एसएसडी मात्र राहू द्या. विंडोज १०सुद्धा तिच्यावर पूर्वीपेक्षा चांगलंच पळतं.